कोलंबसचा मॉल : दुकानं गेली, दालन राहिलं

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसपासून दक्षिणेला गाडीने तासाभरावर कोलंबस नावाचं शहर आहे. 2020 च्या जनगणनेनुसार वस्ती 50,000 च्या थोडी वर. पुण्यातल्या बऱ्याच घरांना हे नाव ओळखीचं आहे, कारण कमिन्स या डिझेल इंजिन कंपनीचं मुख्यालय तिथे आहे आणि घरातलं कुणी ना कुणी वर्ष-दोन वर्षांसाठी तिथे जाऊन आलेलं असतं. या लहानशा शहराने पन्नास वर्षांत दोन बंदिस्त मॉल पाहिले. पहिला 1973 साली शहराच्या मध्यभागी उभा राहिला, दुसरा 1990 साली शहराच्या उत्तर अंगाला. आज मॉल म्हणावं असं दोन्हींपैकी काहीच उरलेलं नाही, तरी दोन्ही जागांवर माणसांचा राबता आहे. पहिल्या मॉलमधला जो भाग भाडं मिळवण्यासाठी बांधलाच नव्हता, तोच टिकला. दुसरा मॉल शहराने विकत घेऊन पहिल्याच्या वाटेवर नेला. हे का झालं ते नीट समजायचं तर बंदिस्त मॉल ही कल्पना जिथून निघाली तिथपर्यंत मागे जावं लागतं.

व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हा ज्यू वास्तुरचनाकार अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी भागांचं काम करत करत त्यांनी नाव कमावलं. युद्धानंतरची अमेरिका मोटारीत बसून शहराबाहेर राहायला निघाली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब दुकानांच्या ओळी, त्यांच्यापुढे गाड्या, आणि पायी चालणाऱ्याला उभं राहायलाही जागा नाही, हे चित्र ग्रुएन यांना असह्य व्हायचं. व्हिएन्नामध्ये माणसं चौकात येतात, कॉफी घेतात, भेटतात, बोलतात आणि जाता जाता खरेदी करतात. अमेरिकी उपनगरांना असा चौक द्यावा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मिनेसोटा राज्यात मिनीॲपोलिसला लागून असलेल्या इडायना गावी, डेटन या दुकानदार कुटुंबासाठी त्यांनी 8 ऑक्टोबर 1956 रोजी साउथडेल उभं केलं. हवामान पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेवणारा, चारी बाजूंनी बंद असा अमेरिकेतला तो पहिला मॉल. तिथला हिवाळा हाडं गोठवणारा आणि उन्हाळा दमट, त्यामुळे आरामात हिंडून खरेदी करता येईल असे दिवस वर्षात मोजकेच. छप्पर घालण्यामागचं रोकडं कारण तेवढंच होतं. पण ग्रुएन तिथे थांबले नाहीत. त्यांनी दुकानांच्या मधोमध उंच छताचं एक अंगण ठेवलं, त्यात झाडं, मासे सोडलेलं तळं, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, हॅरी बर्टोया यांची सोनेरी धातूची शिल्पं आणि कॉफीची टेबलं मांडली. बाहेर हिमवर्षाव, आत कायमचा वसंत. लोक दुरून दुरून बघायला आले. नामवंत अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांना मात्र ते अंगण अजिबात आवडलं नाही. गावातल्या रस्त्याचे सगळे दोष त्यात आलेत आणि गोडवा तेवढा हरवलाय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

साउथडेलच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, बाग, तळं, दवाखाने असं पूर्ण गाव होतं. प्रत्यक्षात मॉल झाला आणि त्याला गाड्यांच्या तळाचा वेढा पडला. आसपासच्या जमिनीचे भाव चढले आणि जो तो आपापल्या तुकड्यावर मनाला येईल ते बांधू लागला. या प्रकाराचं अनुकरण देशभर झालं तेव्हा लोकांनी चौकाची कल्पना सोडली आणि गाड्यांचा तळ घेतला. उतारवयात व्हिएन्नाला परतलेल्या ग्रुएन यांनी या मॉलांचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं. त्यांची तडफड मला पटते. पण या रोगाचा एक भाग त्यांच्या आराखड्याच्या बाहेरचा होता. 1954 मध्ये अमेरिकी करकायद्यात बदल झाला आणि नव्या बांधकामाचा घसारा, म्हणजे दरवर्षी घटणारी किंमत, सुरुवातीच्या वर्षांतच करपात्र उत्पन्नातून भराभर वजा करायची मुभा मिळाली. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा मोकळ्या रानात नवी बांधणं किफायतीचं झालं. त्यातच 1956 साली केंद्र सरकारच्या पैशाने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली. महामार्गाचा फाटा, स्वस्त शेतजमीन आणि करसवलत ही तीन गणितं जुळली, की तिथे मॉल उगवायचा.

त्याची झळ सगळ्यात आधी लागली ती छोट्या शहरांच्या जुन्या बाजारपेठांना. जिल्हा न्यायालयाची इमारत, तिच्यासमोरून जाणारा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुमजली विटांची दुकानं, वरच्या मजल्यावर वकील आणि दंतवैद्य, अशी त्यांची ठरलेली बैठक असे. गिऱ्हाईक गाडीत बसून शहराबाहेर जाऊ लागलं तसं मुख्य रस्त्यावरच्या काचांवर भाड्याने देण्याच्या पाट्या झळकू लागल्या. उपाय म्हणून दोन गोष्टी झाल्या. कुठे मुख्य रस्ता वाहनांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला गेला, जसा मिशिगनमधल्या कॅलामाझू शहराने 1959 मध्ये ठेवला. कुठे उपनगरातला मॉलच उचलून शहराच्या मध्यावर आणला गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 1962 साली खुद्द ग्रुएन यांनीच मिडटाउन प्लाझा नावाचा असा बंदिस्त मॉल बांधला. कोलंबसचा पहिला मॉल या दुसऱ्या घराण्यातला. पण तो बांधणारी माणसं निराळी होती, म्हणून त्याची कथाही निराळी झाली.

कमिन्स कंपनी 1919 मध्ये सुरू झाली. क्लेसी कमिन्स हा हरहुन्नरी मेकॅनिक, शहरातले पेढीवाले डब्ल्यू. जी. अर्विन यांच्या घरी मोटार चालवायचा. डिझेल इंजिनाचं त्याचं वेड बघून अर्विन यांनी त्यात पैसा घातला आणि पुढची अनेक वर्षं तो परत येण्याची चिन्हं दिसत नसतानाही घालत राहिले. कंपनीला पहिला नफा दिसायला 1937 साल उजाडलं. अर्विन यांच्या बहिणीचे नातू जे. अर्विन मिलर यांनी नंतर कंपनीची धुरा घेतली आणि तिला जगभर नेलं. पुण्यात 1962 साली किर्लोस्करांबरोबर भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली ती त्याच विस्तारातली. 1997 पासून ती कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाते. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या, 1991 मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला कमिन्सचं नाव लागलं, त्याचीही मुळं इथेच पोचतात.

मिलर यांच्यापुढे एक व्यवहारी अडचण होती. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या गावात हुशार तरुण इंजिनिअरांनी येऊन राहावं, बायका-मुलांसह टिकावं, असं काय आहे? युद्धानंतर मुलांची संख्या भराभर वाढत होती आणि शाळा घाईघाईत, कशाबशा उभ्या राहत होत्या. मिलर यांनी कमिन्स फाउंडेशनतर्फे शाळा मंडळाला सांगितलं, की आम्ही दिलेल्या यादीतून आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरू. निवड मंडळाची, इमारतीचा खर्चही मंडळाचा. पहिली शाळा 1957 मध्ये हॅरी वीझ यांच्या आराखड्याप्रमाणे झाली. पुढे हीच सोय इतर सार्वजनिक इमारतींनाही मिळाली. एलिएल सारिनेन यांचं 1942 मधलं चर्च शहरात आधीपासून होतं. त्यांचे चिरंजीव ईरो सारिनेन यांनी 1954 मध्ये अर्विन कुटुंबाच्या बँकेसाठी काचेची बसकी, झाडांत लपलेली इमारत दिली. आय. एम. पेई यांनी 1969 मध्ये ग्रंथालय बांधलं आणि त्याच्यासमोर 1971 मध्ये शिल्पकार हेन्री मूर यांची भलीमोठी कमान आली. एवढ्याशा गावात इतके मोठे आर्किटेक्ट दुसरीकडे क्वचितच सापडतील.

या सगळ्यात मुख्य रस्त्याचं, वॉशिंग्टन स्ट्रीटचं, काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर जिरार्ड या रंगसंगतीच्या जाणकाराने जुन्या दुकानांच्या दर्शनी भागांसाठी रंगांची आणि पाट्यांची एक योजना आखली. नवं काही बांधायचं नाही, आहे तेच विटांचं काम स्वच्छ करायचं, रंगवायचं, पाट्या नेटक्या करायच्या. आज मागे वळून पाहताना मला ही योजना त्या काळातली सगळ्यात शहाणी वाटते. तिच्यामुळे रस्त्याचा जुना चेहरा वाचला. पण रंगाने गिऱ्हाईक परत येत नाही. 25 व्या रस्त्याच्या बाजूला, गाडी सहज लावता येईल अशी दुकानं वाढत होती आणि मधली पेठ ओसरत होती.

म्हणून 1960 च्या दशकाच्या शेवटी निर्णय झाला, की 1874 मध्ये बांधलेल्या जिल्हा न्यायालयाच्या समोर, तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या मधली जमीन एकत्र करायची, जुन्या इमारती पाडायच्या आणि तिथे बंदिस्त मॉल बांधायचा. काम गेलं ग्रुएन यांनीच स्थापन केलेल्या लॉस एंजेलिसच्या ग्रुएन असोसिएट्सकडे. ग्रुएन स्वतः तोवर निवृत्त होऊन व्हिएन्नाला गेले होते. 1968 मध्ये त्या कार्यालयात आराखड्यांचे प्रमुख म्हणून आले होते सेझार पेली. अर्जेंटिनात जन्मलेले, ईरो सारिनेन यांच्या कार्यालयात दहा वर्षं घडलेले, न्यूयॉर्कच्या विमानतळावरच्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या इमारतीवर काम केलेले हे गृहस्थ पुढे क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांमुळे जगाला ठाऊक झाले. म्हणजे मॉलचे जनक ग्रुएन आणि कोलंबसचे लाडके आर्किटेक्ट ईरो सारिनेन, या दोघांचाही वारसा एकाच माणसाच्या हातून या जमिनीवर उतरला.

पेली यांनी जे केलं त्याला दोन भाग होते. एक भाग सरळ सरळ मॉल : मध्ये छपराखालून जाणारा मार्ग, दोन्ही बाजूंना गाळे, टोकाला गिऱ्हाईक खेचण्यासाठी सीअर्सचं मोठं दुकान. याला कोर्टहाउस सेंटर असं नाव होतं आणि तो व्यापारी हिशेबाने चालायचा होता. दुसरा भाग वॉशिंग्टन स्ट्रीटला लागून, द कॉमन्स नावाचा. तिथे उंच छताखाली एक मोठं मोकळं दालन, बसायला जागा, मुलांना खेळायचं मैदान, व्यासपीठ आणि कलाप्रदर्शनासाठी भिंती होत्या. इथे भाडं आकारायचंच नव्हतं. मिलर, त्यांच्या पत्नी झीनिया आणि बहीण क्लेमेंटाइन टँजमन यांनी हे दालन शहराला भेट म्हणून दिलं. दोन्ही भागांवर तपकिरी झाक असलेल्या काचेचं एकच सलग आवरण होतं. बाहेरून बघणाऱ्याला कुठे खाजगी संपतं आणि कुठे सार्वजनिक सुरू होतं ते कळत नसे. कागदोपत्री मात्र ती रेषा ठळक होती, आणि पुढचं सगळं त्या रेषेवरच ठरलं.

ही रेषा किती महत्त्वाची होती, हे त्याच वर्षांतल्या न्यायालयीन निकालांवरून दिसतं. मॉल हा लोकांचा रस्ता की मालकाचं घर, या प्रश्नावर अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय तेव्हा हेलकावे खात होतं. 1968 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं, की मॉलने जुन्या बाजारपेठेची जागा घेतली असेल तर तिथे कामगार संघटनेला निदर्शनं करता आली पाहिजेत. 1972 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वारं फिरलं. ऑरेगनमधल्या पोर्टलँडच्या लॉइड सेंटरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना हुसकावण्याचा मालकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला आणि 1976 मध्ये 1968 चा निकाल उरलाच नसल्याचं स्पष्ट केलं. 1980 मध्ये एवढीच सवड मिळाली, की एखाद्या राज्याला आपल्या घटनेतून नागरिकांना यापेक्षा जास्त हक्क द्यायचे असतील तर द्यावेत. अमेरिकेतल्या हजारो गावांनी आपला चौक मॉलच्या हवाली केला, त्या मॉलमध्ये कुणी काय बोलावं हे मालक ठरवू लागला. कोलंबसचं दालन मात्र शहराच्या मालकीचं असल्यामुळे या वादाच्या कक्षेबाहेर राहिलं. गिऱ्हाईक नसलेल्या माणसालाही तिथे बसण्याचा हक्क होता.

त्या दालनाच्या मधोमध 1974 मध्ये एक वस्तू येऊन उभी राहिली, जिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वित्झर्लंडचे शिल्पकार ज्याँ टिंगली यंत्रांची शिल्पं करत. 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात त्यांनी स्वतःलाच मोडून टाकणारं यंत्र उभं करून खळबळ उडवली होती. मिलर कुटुंबाने त्यांच्याकडून कोलंबससाठी ‘केऑस 1’ करून घेतलं. उंची सुमारे 30 फूट, वजन सुमारे 7 टन. त्यातलं बरंचसं लोखंड आसपासच्या भंगारातून आलेलं. दातेरी चाकं, दांडे, पट्टे, तुळया, एकमेकांत अडकवलेले सांगाडे. ते सुरू झालं की आधी एखादंच चाक कुरकुरत फिरायला लागतं, मग दुसरीकडे एक दांडा हलतो, मग लोखंडी गोळा रुळांवरून घरंगळत खाली येतो आणि कुठेतरी दाणकन आपटतो. परत शांतता. पुढे काय हलणार याचा अंदाज येत नाही, म्हणून मुलं माना वर करून थांबून राहतात. इंजिनं बनवणाऱ्या गावाला, काहीच न बनवणारं यंत्र भेट मिळालं. ज्यांचे आईवडील दिवसभर इंजिनाचे भाग हजाराव्या मिलिमीटरपर्यंत अचूक करत, ती मुलं संध्याकाळी या अजस्र, खडखडणाऱ्या, निरुपयोगी यंत्रापुढे खिळून उभी राहत.

पहिली काही वर्षं मॉल आणि दालन एकमेकांना धरून चालले. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेला असताना लहान मुलांना फुकट खेळवता येईल अशी उबदार जागा, हे त्या हवामानात फार मोठं सुख आहे. बदलीवर आलेल्या परदेशी कुटुंबांना त्याचं मोल जास्त, कारण घरात कोंडलेलं मूल आणि ओळखीचं कुणी नाही, अशी त्यांची स्थिती असते. खेळायच्या जागेच्या कडेला बसलेल्या आया आपोआप बोलू लागतात.

दुकानांचं गणित मात्र हळूहळू बिघडत गेलं. त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. मध्यभागातला मॉल भरायचा तर मधल्या पेठेतलं गिऱ्हाईक त्यात यावं लागतं. ते आलं की बाहेरच्या रस्त्यावरची दुकानं ओस पडतात. मॉलचे सगळे गाळे आतल्या मार्गाकडे तोंड करून असल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रस्त्यावरून चालणाऱ्याला लांबलचक बंद काचेखेरीज काही दिसत नाही. मग त्या रस्त्यांवरून कुणी चालत नाही. म्हणजे जुन्या पेठेला वाचवायला आणलेला मॉल पेठेच्याच अंगावर वाढत होता. त्यात मध्यभागात जागा मोजकी, त्यामुळे उपनगरी मॉलइतकी दुकानं तिथे कधी बसलीच नाहीत. इंडियानापोलिसच्या दक्षिणेचे मोठे मॉल महामार्गाने तासाभराच्या आत गाठता येत. नंतर कोलंबसच्या थोडं उत्तरेला, एडिनबर्गजवळ महामार्गालगत कंपन्यांचा माल सवलतीत विकणारं आउटलेट केंद्र आलं. आणि 1990 मध्ये 25 व्या रस्त्यावर सुमारे 35 एकरांवर फेअर ओक्स मॉल उघडला. तिथे गाडी लावायला भरपूर जागा, नवी दुकानं, सगळं एका पातळीवर. एवढ्या लहान शहराला दोन बंदिस्त मॉल पोसणं शक्य नव्हतं.

काचेच्या आवरणाचाही हिशेब चुकता करावा लागला. ज्या वर्षी मॉल उघडला त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि इंधनाचे भाव भडकले. मोठी काचेची दालनं गरम-थंड ठेवणं महाग झालं. काळ जाईल तसा देखभालीचा बोजाही वाढला. 1990 च्या दशकाच्या अखेरीला कोर्टहाउस सेंटरच्या मार्गावर बंद गाळ्यांची संख्या नजरेत भरू लागली होती. शेजारचं दालन मात्र चालूच होतं. तिथे शाळांचे कार्यक्रम होत, मेळे भरत, प्रदर्शनं लागत, मुलं खेळत. एका इमारतीची एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली, ही गोष्ट शहरातल्या कुणालाही न सांगता दिसत होती.

2000 च्या दशकात शहराच्या मध्यभागाचा नवा आराखडा तयार झाला आणि मॉल पाडायचं ठरलं. 2008 च्या सुमारास पाडकाम सुरू झालं. योगायोग असा, की रॉचेस्टरचा मिडटाउन प्लाझाही 2008 मध्येच बंद झाला. मॉलच्या जमिनीवर कमिन्सने कार्यालयाची नवी इमारत बांधली. रोज दुपारी जेवायला बाहेर पडणारी शेकडो माणसं मिळाली, त्याने वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या खानावळींना हात दिला. वास्तुकलेवर प्रेम करणाऱ्यांना हे पाडकाम लागलं, आणि त्यांचं दुःख खरं आहे. पेली तेव्हा हयात होते. पुढे ज्यांनी जगभर बांधलं त्या माणसाची ही सुरुवातीची, धाडसी इमारत होती. नायगारा फॉल्सचं आणि न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फायनान्शियल सेंटरचं काचेचं हिवाळी उद्यान, या पेली यांच्या नंतरच्या सार्वजनिक दालनांची नाळ कोलंबसपर्यंत जाते. तरीही, नागरिकांच्या करातून एक अर्धी रिकामी इमारत किती दिवस ऊबदार ठेवायची, या प्रश्नाला शहराकडे दुसरं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

कॉमन्सचं दालन पाडून परत बांधलं गेलं, पण पूर्ण नव्याने नाही. बॉस्टनच्या कोटर किम या कार्यालयाने पेली यांच्या इमारतीचा पोलादी सांगाडा काही प्रमाणात तसाच वापरला. ‘केऑस 1’ जागचं हलवलं नाही. पाडकाम आणि बांधकाम त्याला सांभाळून, त्याच्याभोवती झालं. 2011 मध्ये दालन पुन्हा उघडलं. तपकिरी काच जाऊन स्वच्छ पारदर्शक काच आली, त्यामुळे आतली हालचाल रस्त्यावरून दिसते आणि आतून रस्ता दिसतो. तळमजल्यावरच्या खानावळी रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मुलांच्या खेळायच्या जागेत चढायला टॉम लकी यांच्या पद्धतीचं, तारांच्या जाळीत गुंफलेलं वळणदार पट्ट्यांचं उंच रचनाशिल्प आलं. वरच्या मजल्यावर समारंभांसाठी सभागृह झालं. पहिल्या इमारतीची एक मोठी चूक या बदलाने दुरुस्त केली. 1973 च्या आराखड्याने रस्त्याकडे पाठ केली होती, 2011 च्या आराखड्याने तोंड केलं.

मॉलच्या इतिहासात साधारणपणे दुकानं किती, मोठी दुकानं कुठली, विक्री किती, हेच मोजलं जातं. कोलंबसमध्ये ते मोजलं तर पहिला मॉल फसला असंच म्हणावं लागेल. पण मिलर कुटुंबाने सुरुवातीलाच दोन हिशेब वेगळे ठेवले, दुकानांचा तोटा दालनाच्या अंगाला लागू दिला नाही. गाळेधारक गेला म्हणून बाकावर बसलेल्या माणसाला कुणी उठवलं नाही. ग्रुएन यांना साउथडेलमध्ये जे साधलं नाही, ते त्यांच्याच नावाच्या कार्यालयाने इथे एका छोट्या गावात साधलं, आणि त्याचं श्रेय आराखड्याइतकंच मालकीहक्काच्या कागदाला जातं. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी मॉलला परवानगी देताना नगरपालिकांनी या कागदाकडे आवर्जून बघावं, असं मला कळकळीने वाटतं.

ज्या फेअर ओक्सने पहिल्या मॉलचं गिऱ्हाईक नेलं, त्याची पाळी पुढच्या पिढीत आली. इंटरनेटवरची खरेदी वाढली, अमेरिकेतल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळ्या एकामागून एक कोसळल्या, आणि कोलंबससारख्या लहान बाजारातल्या शाखा सगळ्यात आधी बंद झाल्या. मोठं दुकान गेलं की त्याच्या गिऱ्हाइकावर जगणारे छोटे गाळे जातात, आणि गाळे गेले की आतल्या मार्गाने कुणी चालत नाही. हे चक्र एकदा सुरू झालं की खाजगी मालकाला बहुधा दोनच वाटा उरतात : पडून ठेवा नाहीतर पाडा.

2018 च्या अखेरीस कोलंबस महापालिका आणि कोलंबस रीजनल हेल्थ ही रुग्णालय संस्था यांनी मिळून तो मॉल विकत घेतला. पहिला मॉल बांधताना भेट देणारं एक श्रीमंत कुटुंब होतं. या वेळी शहराने आणि रुग्णालयाने आपले पैसे घातले. जागेला नेक्ससपार्क नाव मिळालं. एका अंगाला रुग्णालयाच्या सेवा, दुसऱ्या अंगाला शहराच्या उद्यान आणि क्रीडा विभागाचं काम, असा बेत ठरला. त्या विभागाची कार्यालयं तिथे हलली. मॉलच्या जागेवर बंदिस्त क्रीडागृह बांधलं गेलं, ज्यात बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलची मैदानं आहेत आणि फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळ. गाड्यांचा तो अवाढव्य तळ, जो एकेकाळी वॉशिंग्टन स्ट्रीटचं गिऱ्हाईक पळवायला पुरेसा होता, तोच आता स्पर्धांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या संघांना उपयोगी पडतो.